नातवंडं येण्याआधी : शिदा, कपाट आणि टीव्ही भिंतीला बांधून घ्या



आज मी तुमच्या रक्तदाबाविषयी किंवा साखरेविषयी लिहिणार नाही. आज तुमच्या घरातल्या लाकडी सामानाविषयी लिहिते. नर्सने सामानाविषयी काय लिहायचं, असं कोणी म्हणेल. पण मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतल्यावर आणि इथे आल्यावर माझी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात आणि मियूनमध्ये गेली. मियूनमध्ये येणाऱ्या लहान मुलांना बहुतेक वेळा रस्त्यावर नाही, घरातच लागलेलं असतं. आणि पुष्कळदा ते घर आजी-आजोबांचं असतं.

आमच्या घरी काय झालं

२००८ सालची गोष्ट. शुक्रवारची दुपार, मुलगा, सून आणि नातू शब्बातसाठी आलेले. सूनबाई आंघोळीला गेली होती, मी चपात्या लाटत होते. नातू अडीच वर्षांचा, झोपायच्या खोलीत खेळत होता. त्या खोलीत आमची चार खणांची शिदा होती आणि शिदेवर टीव्ही. टीव्हीच्या मागे मी बिस्किटांचा डबा ठेवत असे, मुलाचा हात पोचू नये म्हणून.

आवाज झाला तो अजून कानात आहे. धावत गेले तर शिदा पुढे कलंडून पलंगाच्या कडेवर टेकलेली आणि मूल त्या दोहोंमधल्या पोकळीत. खालचे तीन खण पायऱ्यांसारखे बाहेर आलेले. टीव्ही त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं, तेवढ्यावर निभावलं. पलंग तिथे नसता तर मी आज हा लेख लिहीत बसले नसते.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या आयांना सांगत आले, औषधं कुलपात ठेवा, गरम चहा टेबलाच्या कडेला ठेवू नका. पण माझ्या स्वतःच्या घरची शिदा नुसती उभी होती, हे माझ्या लक्षात कधी आलं नाही. सूनबाईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पण त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिने मुलाला माझ्याकडे एकट्याला ठेवलं नाही. त्या वर्षात मी जे शिकले, ते खाली लिहीत आहे.

जड कपाट पुढे का पडतं

आपल्याला वाटतं, एवढी जड शिदा, दोघांना हलत नाही, ती दहा-बारा किलोच्या मुलाने काय पडणार? इथेच आपण फसतो. शिदा उभी राहते ती आपल्या वजनाने, आणि हे वजन तिच्या पुढच्या पायांच्या मागे असतं तोपर्यंतच. खण बाहेर ओढला की त्यातल्या कपड्यांसकट वजन पुढे येतं.

साधा हिशेब करून पाहा. कपड्यांसकट शिदेचं वजन ४० किलो आणि खोली ४८ सेंटीमीटर धरा. खण बंद असताना तिचं वजन पुढच्या पायांच्या २४ सेंटीमीटर मागे असतं. चाळीस गुणिले चोवीस म्हणजे ९६०, एवढा जोर तिला मागे धरून ठेवतो. आता मुलाने सहा-सहा किलोचे तीन खण ३० सेंटीमीटर बाहेर ओढले. अठरा गुणिले तीस म्हणजे ५४० वजा झाले, उरले ४२०. मग तेच १४ किलोचं मूल उघड्या खणावर चढलं, पायांच्या ३५ सेंटीमीटर पुढे. चौदा गुणिले पस्तीस म्हणजे ४९०. चारशेवीसपेक्षा चारशेनव्वद जास्त. शिदा पडली.

यात मुलाने धक्का दिलेला नाही, उडी मारलेली नाही. नुसतं चढलं आहे. शिदेवर टीव्ही असेल तर शिदा कलायला लागली की तो आधी घसरतो आणि मुलाच्या डोक्यावर येतो. खाली जाड गालिचा असेल तर पुढचे पाय त्यात रुततात आणि शिदा आधीपासूनच थोडी पुढे झुकलेली असते.

आणखी एक गोष्ट. शिदा पडताना खण आपोआप आणखी बाहेर येतात. म्हणून एकदा कलायला लागली की मध्ये थांबत नाही. शेजारच्या खोलीतून धावत येणाऱ्या माणसाला वेळ मिळत नाही. "मी घरातच आहे, लक्ष आहे माझं," हे उत्तर इथे कामाला येत नाही.

कोणत्या वयात जास्त जपायचं

नऊ-दहा महिन्यांचं बाळ जे हाताला लागेल त्याला धरून उभं राहतं. ते हलकी मांडणी, उभा पंखा, टेबलावरचा कपडा आणि टीव्हीची वायर अंगावर ओढून घेतं.

दीड ते चार वर्षांचं मूल चढतं. या वयात अंगाच्या मानाने डोकं मोठं आणि जड असतं, म्हणून तोल जातो तो डोक्याकडे. वरून येणाऱ्या वस्तूपासून दूर व्हायचं, हे त्याला सुचत नाही. कवटीचं हाड पातळ, छातीच्या फासळ्या लवचिक. फासळ्या मोडत नाहीत, पण आतल्या फुप्फुसाला आणि पोटातल्या यकृताला, प्लीहेला मार लागतो. छातीवर जड वस्तू दाबून राहिली तर मुलाला रडताही येत नाही, कारण रडायलाही श्वास लागतो. म्हणून पडल्याचा आवाज झाला आणि रडणं ऐकू आलं नाही, तर ती चांगली खूण समजू नका.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपण समजूतदार समजतो. पण त्याचं वजन अठरा-वीस किलो झालेलं असतं आणि वरचा खाऊ काढायची युक्ती त्याला साधलेली असते. त्यालाही धोका आहे.

घरात फिरून काय काय पाहायचं

शिदा आणि खणांचं कपाट. सर्वांत आधी हेच. जेवढी उंच आणि कमी खोल, तेवढी वाईट. प्लास्टिकच्या खणांची हलकी शिदासुद्धा यात आली. स्वतः हलकी असली तरी वर ठेवलेली इस्त्री किंवा टीव्ही हलका नसतो.

टीव्ही. जुना, मागे पोट असलेला टीव्ही अजून काहींच्या घरी आहे. त्याची जड काच पुढच्या बाजूला असते, म्हणून तो पुढेच पडतो. मोठ्या आकाराचा तसा टीव्ही ४० किलोहूनही जास्त भरू शकतो. नवीन चपटे टीव्ही हलके, पण त्यांचे पाय इतके अरुंद की मुलाने कडेला धरून उभं राहायचा प्रयत्न केला तरी अंगावर येतात.

मिझनोन आणि शोकेस. सलोनमधल्या मिझनोनचा वरचा काचेचा भाग पुष्कळदा खालच्या भागावर नुसता ठेवलेला असतो. वर पितळेची भांडी, चांदीचे पेले, लग्नाचे फोटो. खालच्या भागाला वरचा भाग स्क्रूने जोडलेला आहे की नाही, हात लावून पाहा.

पुस्तकांची मांडणी. वरच्या फळीवर जाड ग्रंथ आणि खाली पातळ वह्या, अशी आपली सवय असते. ती उलटी करा.

लोखंडी कपाट. काहींनी मुंबईहून सामानाबरोबर आणलेलं कपाट अजून जपून ठेवलं आहे. ते लहान पायांवर उभं असतं आणि दार जड असतं. दार उघडं टाकलं आणि मूल हँडलला लोंबकळलं की तेही पुढे येतं. फरशी थोडी उतरती असेल तर आणखी लवकर.

ओव्हनची उभी शेगडी. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जुन्या घरांतली खाली ओव्हन आणि वर बर्नर असलेली शेगडी भिंतीला धरलेली नसते. ओव्हनचं दार खाली उघडलं की ती मुलाला पायरी वाटते. मूल त्यावर चढलं की सगळी शेगडी पुढे कलते आणि वरची उकळती आमटी मुलावर येते. म्हणजे मार आणि भाजणं दोन्ही. मागच्या बाजूला शेगडी अडवणारी लोखंडी पट्टी लावून घ्यावी. नवीन शेगडीबरोबर ती पुष्कळदा येते आणि बसवणारा माणूस ती पिशवीतच ठेवून जातो.

बाकीचं सामान. भिंतीला टेकवून ठेवलेला उभा आरसा, कोट अडकवायचा स्टँड, संगमरवरी फळीचं छोटं टेबल, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, बाल्कनीतल्या मातीच्या कुंड्यांचा स्टँड.

बिस्किटांचा डबा खाली आणा

मूल विनाकारण चढत नाही. वर काहीतरी हवं असतं म्हणून चढतं. आपण आजी-आजोबा खाऊचा डबा, रिमोट, चष्मा, मोबाईल, काढून घेतलेलं खेळणं, सगळं वर ठेवतो. हात पोचू नये म्हणून ठेवतो, आणि त्यानेच मुलाला चढायला लावतो. ज्या वस्तू मुलाला हव्याशा वाटतात त्या एक तर त्याच्या हाताला लागतील अशा खाली ठेवा, नाहीतर दार बंद करून अशा ठेवा की दिसणारच नाहीत. समोर दिसेल आणि मिळणार नाही, असं ठेवू नका. शिदेच्या खालच्या खणात जड कपडे, चादरी ठेवा आणि वरच्या खणात हलके. खणांना मुलांसाठीचे कुलूप मिळतात, तेही लावा. पण कुलूप लावलं म्हणून भिंतीला बांधायचं टाळू नका.

भिंतीला कसं बांधायचं

काम लहान आहे. हेंडीमनला बोलावलं तर अर्ध्या-पाऊण तासात दोन-तीन वस्तू होतात. तुम्ही स्वतः स्टुलावर चढून भोक पाडू नका. सत्तरीनंतर स्टुलावरून पडून मोडलेलं खुब्याचं हाड काय करतं, हे मला वेगळं सांगायला नको. मुलाला, जावयाला किंवा मोठ्या नातवाला बोलवा, आणि काम करताना खालील गोष्टी झाल्या की नाही, ते तुम्ही खुर्चीत बसून पाहा.

पहिली गोष्ट, पट्टी कुठे लागते. शिदेच्या मागचा पत्रा पातळ असतो, तीन-चार मिलीमीटरचा. त्यात मारलेला स्क्रू ओढ बसली की पत्र्यासकट निघतो. स्क्रू बाजूच्या जाड फळीत किंवा वरच्या जाड फळीत गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट, उंची. पट्टी शक्य तितकी वर हवी. शिदेच्या मध्यावर लावली तर तिच्यावर जास्त ओढ बसते.

तिसरी गोष्ट, एक नाही, दोन पट्ट्या. डावीकडे एक, उजवीकडे एक. लोखंडी एल आकाराचा कोना किंवा जाड नायलॉनचा पट्टा, दोन्ही चालतात. पट्टा सैल ठेवू नये. शिदा हलायला लागेल एवढी ढील राहिली तर झटका बसून पट्टा तुटतो. जुना, पिवळा पडलेला प्लास्टिकचा पट्टा बदलून टाका.

चौथी गोष्ट, भिंत आणि शिदा यांतलं अंतर. आपल्या घरांत फरशीला लागून पानेलची पट्टी असते, त्यामुळे शिदा भिंतीला चिकटत नाही, दीड-दोन सेंटीमीटर पुढे राहते. त्या जागेत वरच्या बाजूला लाकडाचा तुकडा घालून मग कोना आवळावा.

पाचवी गोष्ट, वायर आणि पाईप. विजेच्या बटणाच्या किंवा सॉकेटच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नये, वायर बहुधा तिथूनच जाते. न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीत पाण्याचे पाईप असतात, तिथेही जपून.

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर विसंबू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि रंगाचा पापुद्रा टेपबरोबर येतो.

भिंत कोणती, त्याप्रमाणे डिबेल

भोकात जो प्लग घालतात त्याला इथे सगळे डिबेल म्हणतात, मुंबईला आपण गिट्टी म्हणत होतो. भिंत ओळखल्याशिवाय डिबेल घेऊ नये.

भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. आवाज भरीव आला आणि हात दुखला तर सिमेंट-काँक्रीट. त्याला साधा नायलॉनचा डिबेल चालतो, पण भोक पाडायला हातोड्याची ड्रिल लागते.

आवाज अर्धवट पोकळ आला तर आतून पोकळ ब्लॉक. दिमोना, यरुहाम, लोद, रामले, अश्दोद इथल्या जुन्या शिकूनांतल्या आतल्या भिंती पुष्कळदा अशाच असतात. आत शिरून फुगणारा लांब डिबेल लागतो. आखूड डिबेल प्लास्टरमध्येच राहतो आणि ओढ बसली की प्लास्टरसकट बाहेर येतो.

ढोलासारखा आवाज आला तर जिप्सम, ज्याला इथे गेवेस म्हणतात. त्यात साधा डिबेल मुळीच चालत नाही. पाठीमागे पंख उघडणारा पारपार घ्यावा, आणि जमलं तर स्क्रू आतल्या लोखंडी पट्टीतच घालावा.

काम झाल्यावर मोठ्या माणसाने शिदेची वरची कड दोन्ही हातांनी धरून पुढे ओढून पाहावी. ती जागची हलता कामा नये. हे पाहताना मुलांना खोलीबाहेर ठेवा.

टीव्हीचं काय करायचं

सगळ्यात चांगलं, टीव्ही भिंतीवर लावून घ्या. भिंतीवर नको असेल तर तो बुटक्या, रुंद टेबलावर ठेवा, आणि पाठीमागच्या स्क्रूच्या भोकांतून पट्टा घेऊन तो भिंतीला बांधा. शिदेवर टीव्ही ठेवू नका. शिदा टीव्हीसाठी केलेली नसते. वायरी मागे गुंडाळून बांधा. टीव्हीवर किंवा त्याच्या मागे खेळणं, खाऊ काहीही ठेवू नका.

जुना पोटाचा टीव्ही "चालतो अजून" म्हणून मुलांच्या खोलीत सरकवला जातो. हे करू नका. विजेच्या वस्तूंच्या २०१२ सालच्या कायद्याप्रमाणे नवीन टीव्ही घेतला की जुना परत घेणं दुकानदाराला भाग आहे. विकत घेतानाच तसं सांगा.

मामाद आणि भूकंप

१९९२ नंतर बांधलेल्या घरांत मामाद आहे आणि पुष्कळ घरांत तीच मुलांची खोली. सायरन वाजला की रात्री अंधारात सगळे तिथेच धावतात, आठ-दहा माणसं एका लहान खोलीत. धक्का बसला की भिंतीला नुसती टेकवलेली उंच मांडणी त्यांच्याच अंगावर येणार. म्हणून मामादमध्ये शक्यतो उंच मांडणी आणि डोक्यावर जड फळ्या ठेवूच नका. बुटकं सामान ठेवा. मामादच्या भिंती जाड काँक्रीटच्या असतात आणि त्यांत भोक पाडण्याचे नियम आहेत, तेव्हा ते माहीत असलेल्या माणसाकडूनच काम करून घ्या आणि आरपार भोक कधीही पाडू देऊ नका.

दुसरी गोष्ट भूकंपाची. आपला देश मृत समुद्राजवळून जाणाऱ्या मोठ्या भेगेच्या काठावर आहे. ११ जुलै १९२७ रोजी मोठा भूकंप झाला, जेरुसलेम, शेखेम, रामले, लोद इथली घरं पडली आणि शेकडो माणसं गेली. पीकुद हाओरेफ भूकंपाच्या तयारीत हेच सांगतं की कपाटं आणि मांडण्या भिंतीला बांधा, जड वस्तू खालच्या फळीवर ठेवा. म्हणजे नातवासाठी केलेलं काम तुमच्याही उपयोगाला येतं.

भाड्याचं घर असेल तर

घरमालक भोक पाडू देत नाही, ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे. आधी त्याला कारण सांगून विचारा. बहुतेक जण मुलाचं नाव काढलं की हो म्हणतात. घर सोडताना चार भोकं पुट्टीने बुजवायचा खर्च फार थोडा असतो. तरी नाहीच म्हटला तर उंच शिदा ज्या खोलीत मुलं येत नाहीत त्या खोलीत हलवा आणि त्या खोलीला कुलूप लावा, किंवा ती देऊन टाका आणि कपडे बुटक्या पेट्यांत ठेवा. शिदेच्या पुढच्या पायांखाली पातळ पट्टी घालून ती मागे झुकवणं, हा फक्त थोडा आधार आहे. तो बांधण्याच्या जागी चालत नाही.

पेसाखच्या साफसफाईनंतर

आपल्या घरांत पेसाखच्या आधी सगळं सामान जागचं हलतं. खण रिकामे होतात, कपाटं पुढे ओढली जातात, त्यासाठी कोने सोडले जातात. मग सेदरची घाई होते आणि सोडलेला कोना तसाच राहतो. आणि त्याच रात्री घरात सगळी नातवंडं जमतात. वर्षभरातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवशी सामान सगळ्यांत सैल असतं. म्हणून स्क्रू काढले की एका वाटीत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवा. वाटी रिकामी झाल्याशिवाय साफसफाई संपली असं म्हणू नका. घर रंगवून घेतलं किंवा नवीन घरी गेलात, तरी हाच नियम.

नवीन घराच्या गच्चीला कठडा करावा, कोणी पडून त्याचा दोष घरावर येऊ नये, ही आज्ञा तोरात आहे. गच्ची आता आपल्यापैकी थोड्यांचीच आहे, पण शिदा सगळ्यांच्या घरी आहे. भिंतीतले दोन स्क्रू म्हणजे आजचा कठडाच.

बाहेरच्या देशांत काय झालं

अमेरिकेत या प्रश्नावर मोठी चळवळ झाली. जून २०१६ मध्ये आयकिया कंपनीने तिथे सुमारे २ कोटी ९० लाख शिदा परत मागवल्या, कारण त्या पडून मुलं दगावली होती. तरी २०१७ साली कॅलिफोर्नियात दोन वर्षांचा एक मुलगा त्याच प्रकारच्या शिदेखाली गेला. शिदा परत मागवली आहे, हे आईवडिलांना माहीतच नव्हतं, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. २०२० मध्ये कंपनीने त्या कुटुंबाला ४ कोटी ६० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. मुलं गमावलेल्या आईबापांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथे कायदा झाला. आता २७ किलोपर्यंतच्या मुलाचं वजन, उघडे खण आणि खालचा गालिचा, हे सगळं धरून शिदेची परीक्षा होते. २०२३ च्या सप्टेंबरपासून हा नियम लागू आहे.

पण हा नियम त्या देशातल्या नव्या सामानाला. आपल्या घरातली शिदा वीस-तीस वर्षांपूर्वीची. तिला कोणी परत मागवणार नाही. आपल्याकडे बेतेरेम ही मुलांच्या सुरक्षिततेची संस्था आहे, ती घरातल्या अपघातांविषयी माहिती देते. ज्यांना हिब्रू वाचायला सोपं जातं त्या मुलांना आणि सुनांना ती पाहायला सांगा.

झालंच तर काय करायचं

आधी मोठ्याने हाक मारून शेजाऱ्यांना बोलवा आणि वेळ न घालवता वस्तू उचला. पडलेली शिदा वरच्या टोकाकडून उचला, पायांकडून नाही. वरच्या टोकाने उचलली तर जवळजवळ निम्मंच वजन हातात येतं. मुलाच्या अंगावरून फरफटत ओढू नका. एकाने उचलून धरावी, दुसऱ्याने मुलाला सरळ बाहेर घ्यावं, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून. लगेच १०१ ला, मागेन दाविद अदोमला फोन करा आणि फोन स्पीकरवर ठेवा.

मूल हाकेला ओ देत नसेल आणि श्वास घेत नसेल तर फोनवरचा माणूस सांगेल तसं करा. छातीच्या मध्यावर, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत दाब, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ३० दाबांनंतर २ श्वास. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका.

मूल शुद्धीत असेल तर त्याला हलवू नका, मांडीवर घेऊन डोलवू नका. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कपडा दाबून धरा. टेंगळावर खोबरेल तेल चोळू नका, हळद भरू नका, पाणी किंवा साखर देऊ नका. ऑपरेशन करायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं.

आणि ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. मूल उठून खेळायला लागलं तरी ते डॉक्टरकडे दाखवायचंच. पोटातला रक्तस्राव आणि डोक्यातली सूज काही तासांनी कळते. पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीपेक्षा जास्त झोप, जागं करूनही न ओळखणं, झटके, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या, नाकातून किंवा कानातून पाणी अथवा रक्त, पोट कडक होणं किंवा त्यावर निळा डाग, लाल लघवी, हात-पाय न हलवणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट मियूनमध्ये, कुपात खोलीमच्या डॉक्टरची वेळ मिळायची वाट न पाहता.

मुलाच्या आईबापांना खरं सांगा. "काही नाही, जरा पडला," असं सांगून डॉक्टरची दिशाभूल होते. किती उंचीवरून, कोणती वस्तू, किती वेळ अंगावर होती, हे आम्हाला कळलं तरच योग्य तपास होतो. शरमेने लपवलेली गोष्ट मियूनमध्ये मी अनेकदा पाहिली आहे. मुलाचा त्यात फार वेळ जातो.

एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा

१. शिदा, कपाट, मांडणी वरून ओढली तर हलते का?
२. दोन्ही बाजूंना पट्टी आहे का, आणि जाड फळीतच आहे का?
३. टीव्ही शिदेवर आहे का? असेल तर आजच खाली घ्या.
४. शिदेवर, कपाटावर खाऊ, रिमोट, खेळणं दिसतं का?
५. जड सामान खालच्या खणात आहे का?
६. ओव्हनची शेगडी मागून अडवलेली आहे का?
७. मामादमध्ये उंच, सैल काही आहे का?
८. पेसाखनंतर, रंगकामानंतर सगळे स्क्रू परत आवळले का?

आमच्या घरी त्या शुक्रवारनंतरच्या रविवारीच यजमानांनी हेंडीमन आणला. दुपारपर्यंत शिदा, पुस्तकांची मांडणी आणि सलोनमधला मिझनोन भिंतीला लागले. मी सूनबाईला काही सांगितलं नाही. पुढच्या वेळी ती आली तेव्हा कोणाला न विचारता खोलीत गेली, शिदेची वरची कड धरून जोराने ओढली, मांडणी ओढून पाहिली, आणि बाहेर येऊन पानं मांडायला लागली. तरी मुलाला माझ्याकडे सोडायला तिला आणखी कितीतरी महिने लागले, आणि त्यात तिचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

तुम्ही हा लेख वाचून संपवला की उठा आणि घरातली एक शिदा ओढून पाहा. हलली तर मुलाला नाहीतर जावयाला फोन करा, आणि येताना ड्रिल घेऊन ये म्हणावं.